पैठणीच्या पदरावरची फुलं कुणाची?

लग्नसराईत लक्ष्मी रोडच्या दुकानांत पैठणी उलगडताना एक ठरलेलं निरूपण ऐकू येतं: कमळ म्हणजे लक्ष्मी, आसावलीचा वेल म्हणजे वंशवेल, कोयरी म्हणजे सुफलता. यातलं कमळ खरोखर जुनं, अजिंठ्याच्या छतांवर ते रंगवलेलं आहे. बाकीचे अर्थ मात्र फुलांना मागाहून चिकटले असावेत.

फुलं आधी दरबारातून आली. १६२०च्या वसंतात मोगल बादशहाने काश्मीरमधल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढवून घेतली. पुढे एकाच देठावरचं सुटं फूल भिंतींवर, कमरेच्या पटक्यांवर आणि शालींवर पसरलं. शालीवरचं तेच फुलझाड शेंड्याला वाकत वाकत कोयरी झालं, म्हणजे मुळात त्यात आंबा नव्हताच.

पेशवाईत पुण्याने या फुलांना गिऱ्हाईक दिलं. आसावलीचे दुपट्टे अमुक रंगांत पाठवा, अशी मागणी पेशव्यांच्या पत्रव्यवहारात आहे. कसब्यात कागदीपुरा वसला तोही दप्तराच्या गरजेपोटी. पण दप्तरी कागद साधाच असायचा. सोनं शिंपडलेला कागद आणि किनखापाचा खलिता (पत्र ठेवायची जरीकापडाची पिशवी) मानाच्या पत्रांसाठी राखलेला. तिथे पत्र घेणाऱ्याचा दर्जा बुट्टा सांगायचा.

खरा वाद अलीकडचा आहे. २०१०मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. (पुणेरी पगडीला ते आदल्याच वर्षी मिळालं होतं.) त्यानुसार ‘पैठणी’ हे नाव येवला-पैठण भागातल्या हातमागाच्या विणीशी बांधलं गेलं. पण त्यावरची फुलं मोकळीच राहिली. आसावली, कमळ, बांगडी-मोर यांवर कुणाचाच हक्क नाही. नक्षीच्या नोंदणीचा २०००चा कायदा फक्त नव्या नक्षीला संरक्षण देतो, तेही जास्तीत जास्त १५ वर्षं. जुनं कमळ त्यात बसतच नाही.

विणकरांचा आक्षेप रास्त वाटतो. गिऱ्हाईक पदर बघून पैठणी ओळखतं, मानांकनाचा दाखला बघून नव्हे. पदरच जर कुठल्याही यंत्रमागावर निघत असेल, तर नाव राखून साधलं काय? व्यापारी म्हणतात, नक्षी बांधून ठेवली असती तर पुढे कुणी नवी काढलीच नसती. आजचे भरगच्च मोर मुळात उशिराच आले, हेही ते ऐकवतात. त्यात तथ्य आहे. पण विणकराला एका साडीपायी महिनोन् महिने मागावर बसावं लागतं, त्या श्रमांच्या तुलनेत हा युक्तिवाद फार स्वस्तात पडतो.

फरक विणीत आहे. हातमागावर प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या कांडीने आपल्या जागेपुरता फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या बाण्यात अडकवला जातो, म्हणून फूल दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं दिसतं. यंत्रमागावर न लागणारा रंग मागे मोकळा सोडतात, मग ते धागे कापतात किंवा अस्तराखाली झाकतात. म्हणून पदर उलटा करून बघा, असं जाणकार सांगतात. यंत्रमागावरच्या साडीला दुकानदारही हल्ली प्रामाणिकपणे ‘सेमी पैठणी’ म्हणतात. त्यातल्या ‘सेमी’कडे गिऱ्हाईक किती लक्ष देतं, हा वेगळा प्रश्न.

आता हीच फुलं कागदावरही उतरली आहेत. लग्नपत्रिकांवर पैठणीचे काठ सोनेरी फॉइलमध्ये छापले जातात, आणि हातकागदाच्या लगद्यात खऱ्या पाकळ्या मिसळून केलेली पाकिटंही मिळतात. छापील काठाबद्दल तक्रार करायला कुणी येत नाही, कारण पत्रिकेला पैठणी म्हणून कुणी विकत घेत नाही. साडीचं तसं नाही. हातमागाचं अधिकृत चिन्ह २००६पासून आहे, पण पदर उलटा करण्याची तसदी अजूनही गिऱ्हाइकालाच घ्यावी लागते.