कॉम्प्युटरने मोजलेली हवा गेली कुठे?

गाडी ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर येतो, मधूनच इंजिन आचके देतं. गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "टर्बो गेलाय." आपल्याकडे छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो आल्यापासून हे वाक्य वरचेवर कानावर पडतं. टर्बो हा महागाचा भाग, त्यामुळे बिलही तसंच होतं. नवा टर्बो बसवल्यावरही धूर थांबला नाही, की मग स्पार्क प्लग, इंजेक्टर, सेन्सर अशी पुढची वरात निघते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हा घोळ समजून घ्यायला मला सगळ्यात आवडणारी गाडी म्हणजे मित्सुबिशी एक्लिप्स. मित्सुबिशी आणि क्रायस्लर यांच्या भागीदारीतल्या इलिनॉयमधल्या कारखान्यात ती 1990च्या मॉडेलपासून बनू लागली. दोन लिटरचं 4जी63 इंजिन, त्यावर टर्बो, आणि मॅन्युअल गिअरच्या पहिल्या पिढीत 195 अश्वशक्तीपर्यंत ताकद. पुढे या गाड्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये त्या उघडून उघडून या इंजिनाची नस न् नस माहीत करून घेतली.

टर्बोचं काम थोडक्यात असं. बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं. पण किती पेट्रोल सोडायचं हे ठरवायला आधी हवा मोजावी लागते, आणि खरी गंमत इथे आहे.

एक्लिप्समध्ये एअर फिल्टरजवळ, म्हणजे टर्बोच्याही आधी, हवेच्या वाटेत एक छोटा अडथळा उभा केलेला असतो. हवा त्याला वळसा घालून जाताना मागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अगदी तालात. भोवऱ्यांच्या या रांगेचं गणित थिओडोर फॉन कारमान यांनी 1911च्या सुमारास मांडलं. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात त्याही याच कारणाने. सेकंदाला किती भोवरे सुटतात हे काढायचं सूत्र सोपं आहे: हवेचा वेग गुणिले साधारण 0.2, भागिले अडथळ्याची रुंदी. अडथळा एक सेंटिमीटरचा आणि वेग सेकंदाला 20 मीटर असेल तर 400 भोवरे. 0.2 हा आकडा वेगाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात जवळजवळ तसाच राहतो, म्हणून तर भोवरे मोजून वेग कळतो. सुरुवातीच्या सेन्सरमध्ये हे भोवरे अल्ट्रासॉनिक ध्वनीच्या आधारे मोजले जात. आत हलणारा भाग एकही नाही!

मात्र यातून कळतं ते हवेचं आकारमान. पेट्रोल सोडायचं ते वस्तुमानाच्या हिशेबाने. म्हणून त्याच डबीत तापमान आणि वातावरणाचा दाब मोजणारे सेन्सर असतात. डेन्व्हरसारख्या 1600 मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा जवळजवळ सहाव्या हिश्शाने कमी असतो. तिथे तेवढेच भोवरे सुटले तरी हवा कमीच आलेली असते.

आता समजा टर्बोनंतरच्या एखाद्या रबरी जोडाची क्लिप सैल आहे. सेन्सरने 100 ग्रॅम हवा मोजली. पूर्ण जोरात हवा-पेट्रोलचं प्रमाण 11 ला 1 ठेवायचं, म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरने 9.1 ग्रॅम पेट्रोल सोडलं. पण वाटेत 10 ग्रॅम हवा निसटली. उरल्या 90 ग्रॅमला 9.1 ग्रॅम पेट्रोल, म्हणजे प्रमाण 10 च्याही खाली. मग काळा धूर आणि आचके येणारच. टर्बो बिचारा ठणठणीत असतो.

त्यात गळती थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी असेल तर आणखी चकवा. आयडलिंगला तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे न मोजलेली हवा त्याच भोकातून आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जोरात पळवली की मोजलेली हवा तिथूनच बाहेर जाते आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. भोक एक, लक्षणं उलटसुलट.

गिअर बदलताना "फिस्स" करत हवा बाहेर फेकणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ही याचीच हौशी आवृत्ती. मूळ गाडीत ती हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेतात, कारण ती मोजून झालेली असते. बाहेर सोडली की दर गिअरला क्षणभर पेट्रोल जास्त होतं. आवाजाने ताकद वाढते असं मानणारे आहेतच. आणि ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक दोष तपासायचं यंत्र जोडतो त्या खाचेत, खोचायची ती "पॉवर वाढवणारी" डबी? तसल्या कित्येक डब्या लोकांनी फोडून पाहिल्या, आत लुकलुकणाऱ्या एलईडीपलीकडे काही नव्हतं. तिच्यापेक्षा बंपरला बांधलेली लिंबू-मिरची स्वस्त.

गळती शोधायची रीत पंक्चरवाल्याची आहे. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडावर प्लंबिंगच्या दुकानातली पीव्हीसीची टोपी क्लिपने आवळायची. तिला आधीच टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्यातून कॉम्प्रेसरने हवा भरायची. सुरुवात अगदी कमी दाबाने करायची आणि टोपीच्या समोर उभं राहायचं नाही, ती सुटली तर कपाळमोक्ष. मग साबणाचं पाणी फवारत जायचं. या इंजिनात हमखास फेस धरणारी जागा म्हणजे थ्रॉटलच्या दांड्याचं सील. दांड्याच्या टोकाशी बारीक बुडबुड्यांचा पुंजका फुगत राहतो. दुसऱ्या पिढीतला प्लॅस्टिकचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही दाब वाढवला की गळतो, म्हणून लोक पहिल्या पिढीतला धातूचा काढून बसवतात. सायलेन्सरकडून बारीक सुस्कारा ऐकू आला तर घाबरू नये. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे राहिलेले असतात, क्रँक जरा फिरवला की तो थांबतो. गळती सापडलीच नाही, तर कॉम्प्युटरची डबी उघडून वास घ्यावा. जुन्या एक्लिप्समध्ये त्यातले कपॅसिटर पाझरतात आणि मासळीसारखा वास येतो.

घरी टर्बोचा दाब वाढवणाऱ्यांची खरी फसगत दुरुस्तीनंतर होते. गळतीमुळे मिश्रण घट्ट झालं, तेव्हा कुणीतरी पेट्रोलचं प्रमाण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर लावून पेट्रोल कमी केलेलं असतं. गाडी बरी पळू लागते. वर्षभराने गळकं सील बदललं जातं, आता सगळी मोजलेली हवा आत पोचते, पण पेट्रोल कमीच राहिलेलं असतं. असं पातळ मिश्रण जास्त दाबाखाली ज्योत पोचायच्या आधीच आपसूक पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडून थोडंफार सांभाळून घेतो, सगळं नाही. पुढची पायरी पिस्टन वितळण्याची. म्हणून सील बदललं की आधी ॲडजस्टर शून्यावर आणायचा, मगच जोरात पळवून मिश्रणाचे आकडे पाहायचे.