बालगंधर्व नाटकात उशिरा आले, ते बरं झालं

बालगंधर्वांची गोष्ट बहुतेक वेळा पैठण्या, अत्तरं आणि पुढच्या कर्जापासून सुरू होते. मला त्याआधीचा नारायण श्रीपाद राजहंस जास्त महत्त्वाचा वाटतो. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या काळच्या मानानं हे वय थोराड. बायकांच्या भूमिकांसाठी कंपन्यांना हवी असायची ती दहा-बारा वर्षांची, कोवळ्या गळ्याची पोरं.

त्या पोरांचं पुढं काय व्हायचं, हे भास्करबुवा बखल्यांच्या आयुष्यात दिसतं. लहानपणी तेही याच किर्लोस्कर कंपनीत कामं करत, गाणं गाजत होतं. वयात येताना आवाज फुटला आणि कालपर्यंत डोक्यावर घेतलेल्या मुलाला कुणी विचारेना. त्या दुखावलेल्या मनानं त्यांनी गाण्याची तालीम घेतली आणि ते मोठे ख्यालगायक झाले. हेच भास्करबुवा पुढे नारायणचे गुरू झाले.

नारायणचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस मंडळी सांगलीकडच्या नागठाण्याची. गाण्याचे पहिले धडे त्यानं जळगावला मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. दहाएक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि ‘बालगंधर्व’ म्हणून कौतुक केलं. ते नाव कायमचं चिकटलं. पण म्हणून लगेच कुणी त्याला नाटकात घातलं नाही. नाटक कंपनीत मुलगा जाणं पांढरपेशा घराला तेव्हा कमीपणाचं वाटायचं.

इकडे किर्लोस्कर कंपनी अडचणीत होती. कंपनीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले होते. ज्यांच्या पदांसाठी लोक गर्दी करत, ते भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. नाटकं तीच, पदं तीच, पण त्या जागी उभा राहील असा गळा नव्हता.

नारायणला कानाचा त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यावर मायेनं लक्ष ठेवलं होतं. उपचारांसाठी तो मिरजेत होता आणि कंपनीचा मुक्कामही तिथंच पडला होता. गाण्याच्या माणसाला कानाच्या दुखण्यानंच रंगभूमीपर्यंत आणावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

पहिली भूमिका अण्णासाहेबांच्या ‘शाकुंतल’मधल्या शकुंतलेची. तेव्हा कंपनीचा कारभार बघणारे शंकरराव मुजुमदार हे स्वतः त्याच नाटकाच्या १८८० च्या पहिल्या प्रयोगातली शकुंतला. अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांची. गळा तयार होता, पण पदर कसा सावरायचा, लाजताना मान किती वळवायची, वाक्य कुठं तोडायचं, हे सगळं शिकावं लागलं. गाण्यात भास्करबुवांनी घडवलं. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकताना एक गोष्ट जाणवते: एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, तरी तानेसाठी शब्द चिरडलेला सापडत नाही. आधी शब्द कळतो, मग सूर त्याला गोंजारतो. शिवाय आवाज फुटायचं वय मागे सरल्यावर ही तालीम झाली. जो गळा घडवला, तोच पुढं वर्षानुवर्षं टिकला.

१२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. खाडिलकरांचं नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. तरीही ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. वय अवघं बावीस. या प्रसंगाला कर्तव्यनिष्ठा म्हणून सगळेच मान देतात, पण मला त्या बापाच्या जिवाचं काय झालं असेल, हेच आठवत राहतं.

त्याच वर्षी त्यांच्यासमोर नायक धैर्यधर रंगवणारे नानासाहेब जोगळेकर वारले. कंपनीत धुसफूस वाढली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. टिळकांनी दहा वर्षांच्या मुलाला दिलेलं नाव आता कंपनीच्या पाटीवर होतं.