गर्भकालीन ताण

गर्भकालीन ताण : गरोदर स्त्रीवर येणारा तीव्र किंवा दीर्घकाळ टिकणारा मानसिक ताण आणि त्याचा पोटातल्या गर्भावर, पुढे मुलाच्या वाढीवर होणारा परिणाम. जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातली मारहाण, युद्ध, उपासमार, नैसर्गिक आपत्ती व कारावास ही त्याची अभ्यासली गेलेली प्रमुख कारणे. रोजची दगदग आणि बाळंतपणाची स्वाभाविक धास्ती यांनाही काही संशोधक हीच संज्ञा लावतात. या नोंदीत ती तीव्र ताणापुरती घेतली आहे.

प्राचीन वैद्यक व ‘डोहाळे’ शब्दाची व्युत्पत्ती : आईच्या मनाचा गर्भावर परिणाम होतो हे मत आयुर्वेदात स्पष्ट आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला बाधक अशा वर्तनांची जी यादी येते तीत ‘शोकनित्या’ म्हणजे सतत शोकात असलेली स्त्री आहे. तिचे मूल भित्रे, कृश किंवा अल्पायुषी होते असे म्हटले आहे. सूत्रस्थानात ‘सौमनस्यं गर्भधारणानाम्’, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींत मनाची प्रसन्नता श्रेष्ठ, असे वचन आहे. संहितेचा हा भाग दृढबलाने पुढे भर घातलेल्या अध्यायांपैकी नसल्याने तो साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा मानायला हरकत नाही.

मराठी ‘डोहाळे’ हा संस्कृत ‘दोहद’वरून प्राकृत ‘दोहल’मार्गे आला, इथपर्यंत फारसा वाद नाही. वाद आहे तो ‘दोहद’ कुठून आला याचा. एका मताने तो ‘द्वि’ व ‘हृद्’ यांपासून झाला: गर्भिणीत दोन हृदये नांदतात, म्हणून तिची इच्छा ही दोघांची इच्छा. चरक ही अवस्था तिसऱ्या महिन्यात, तर सुश्रुत चौथ्या महिन्यात सांगतो. दोन हृदये असलेल्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतात, असे सुश्रुताने दिले आहे. दुसऱ्या मताने मूळ शब्द ‘दौर्हृद’, म्हणजे मन बिघडणे, मळमळ, आजारीपणा. ‘दोन हृदये’ ही कल्पना मागाहून शब्दावर बसवली गेली. सुश्रुताच्या पाठांत दोन्ही रूपे सापडतात, त्यामुळे केवळ पाठावरून निकाल लागत नाही. ‘दोहद’ हा प्राकृतातून परत संस्कृतात गेलेला शब्द म्हणून पाहिले तर पहिले मत अधिक सोयीचे वाटते, आणि ‘दोन जीवांची बाई’ हा मराठीतला प्रयोगही त्याच बाजूचा आहे. डोहाळे न पुरवल्यास मूल कुबडे, लंगडे, जड, खुजे किंवा डोळ्यांत व्यंग असलेले होते, असे सुश्रुत सांगतो. आज ही कारणमीमांसा कोणी मानत नाही. गोव्यात मराठी घरांतले डोहाळजेवण आणि कोकणी बोलीतले ‘फुलां माळप’ यांत मात्र तीच समजूत विधीच्या रूपाने टिकली आहे: गर्भिणीला पाटावर बसवून केसांत फुले माळायची, ओटी भरायची, तिला हवे ते खाऊ घालायचे.

शरीरातील प्रक्रिया : ताण आला की मेंदूतील अधोथॅलॅमस (हायपोथॅलॅमस), त्याखालची पोष ग्रंथी व मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन रक्तात येते. गरोदरपणात त्याचे प्रमाण ताणाविनाही वाढत जाते आणि शेवटच्या महिन्यांत नेहमीच्या दुप्पट ते चौपट होते. तरीही गर्भाच्या रक्तात ते आईच्या साधारण एक दशांशच असते, कारण वारेत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचे एंझाइम असते. ते कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिझोनमध्ये रूपांतर करते. आईची चिंता तीव्र असेल तर वारेतल्या या एंझाइमची निर्मिती घटलेली दिसते, म्हणजे दारावरचा पहारा ढिला पडतो.

हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत सर्रास येते, पण ते जितके सुबक आहे तितके पुरेसे नाही. आईने सांगितलेला ताण आणि तिच्या रक्तातले कॉर्टिसॉल यांचा मेळ, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, फार कमी बसतो. म्हणून गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहातली घट, दाहकारक द्रव्ये आणि वारेतले सेरोटोनिन या वाटाही तपासल्या जात आहेत.

पुरावा व मतभेद : माणसांवर असा प्रयोग करता येत नसल्याने अभ्यासकांना आपत्तींचा आधार घ्यावा लागतो. १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदर्लंड्समध्ये माणशी शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्यांमध्ये पुढे मधुमेहाकडे झुकणारी रक्तशर्करा आणि छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनिया) वाढलेले प्रमाण आढळले. तिथे भूक आणि भीती वेगळ्या काढता येत नाहीत. त्या दृष्टीने कॅनडातील क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये झालेले हिमवादळ अधिक उपयोगी ठरले. लाखो घरांची वीज गेली, काहींची महिनाभराहून अधिक काळ, आणि कोणाच्या वाट्याला किती हाल आले हे जवळजवळ योगायोगाने ठरले. या मुलांच्या भाषिक व बौद्धिक वाढीचा संबंध आईने प्रत्यक्ष सोसलेल्या हालांशी दिसला. पुढे मुलांच्या डीएनएवरील मिथिल-खुणांचा (जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणांचा) संबंधही हालांशीच लागला, आईला किती मनस्ताप वाटला याच्याशी नव्हे.

इंग्लंडमधील एव्हन परगण्यातल्या हजारो कुटुंबांच्या पाहणीत, गरोदरपणी सर्वाधिक चिंताग्रस्त असलेल्या १५ टक्के स्त्रियांच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे दुप्पट, म्हणजे ६ वरून १२ टक्क्यांच्या आसपास, आढळले. मथळ्यांत ‘दुप्पट’ येते. त्या गटातली बहुसंख्य मुले ठणठणीत होती, हे येत नाही. शिवाय चिंता आनुवंशिकही असते. दात्याच्या बीजांडातून जन्मलेल्या, म्हणजे आईशी जनुकीय नाते नसलेल्या मुलांच्या अभ्यासात ताण व जन्मवजन यांचा संबंध टिकून राहिला. अतिचंचलतेचा संबंध मात्र फक्त सख्ख्या मायलेकरांतच दिसला.

गोव्यातील अभ्यास : उत्तर गोव्यातील जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० स्त्रियांची पाहणी झाली होती, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ती २००२ ते २००६ या काळात प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि गरोदरपणीच असलेली मानसिक व्यथा ही त्यामागची ठळक कारणे होती. गरोदरपणातील मानसिक व्यथेचा संबंध २.५ किलोपेक्षा कमी जन्मवजनाशी स्वतंत्रपणे दिसला, तर नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने व लांबीने मागे होती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने पुढे नैराश्य असलेल्या २८० गर्भवतींसह एक चाचणी घेतली. त्यांना घरी जाऊन आधार देणाऱ्या डॉक्टर किंवा परिचारिका नव्हत्या, वस्तीतल्याच अनुभवी आया होत्या. फायदा झाला, पण माफक.

कारावास : तुरुंगात जन्मलेले मूल ही कल्पना गोव्याला देवळातून परिचित आहे. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरात देवकी व बाळकृष्ण एकत्र पुजले जातात. ही मूर्ती पोर्तुगीज काळात चोडण बेटावरून मये येथे व तिथून माशेलला आली. कथेत जन्मताच ताटातूट होते, मूर्तीत मायलेकरे एकत्र आहेत. कैदी स्त्रियांच्या बाबतीत अभ्यासक आज ज्या ताणाला सर्वाधिक महत्त्व देतात, तो हीच ताटातूट आणि तिची आधीपासून लागलेली धास्ती.

जन्मवजनाबाबतचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत कैदी मातांची बाळे अधिक वेळा अपुऱ्या दिवसांची व हलकी असतात. परंतु तितक्याच गरीब, व्यसन किंवा मारहाणीत अडकलेल्या बाहेरच्या स्त्रियांशी तुलना केली, तर काही पाश्चात्त्य पाहण्यांत कैदी मातांची बाळे किंचित बरीच निघाली. अमेरिकेत २०१६–१७ मध्ये २२ राज्यांच्या व संघीय तुरुंगांत आलेल्या १,३९६ गर्भवतींच्या नोंदींतही अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती ६ टक्केच होत्या. यातून तुरुंग मानवतो असा अर्थ काढणे चूक ठरेल; वेळेवरचे जेवण, दारू-सिगारेट बंद, मारणारा नवरा गजाआड नव्हे तर गजांबाहेर आणि तपासणी ठरलेली, एवढेच त्यातून दिसते. बाहेरचे जिणे किती वाईट होते, याचे ते माप आहे.

कायदेशीर तरतुदी : संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांनुसार प्रसूतीच्या कळा, प्रसूती व त्यानंतरच्या लगेचच्या काळात स्त्रीला बेड्या घालता येत नाहीत आणि गर्भवतीला एकांतकोठडी देता येत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात गर्भवती कैदी व कैदी मातांची मुले यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गोवा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातील एका गर्भवतीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन देताना, तुरुंगातल्या वातावरणाचा परिणाम बाळावरही होतो हे कारण नोंदवले.

गोव्याचे मध्यवर्ती कारागृह २०१५ मध्ये आग्वाद किल्ल्यातून कोलवाळला हलले. २००६ च्या निकालानुसार प्रसूती शक्यतो कारागृहाबाहेर व्हावी; आत झालीच, तर जन्मनोंदीत तुरुंगाचा उल्लेख न करता फक्त त्या परिसराचा पत्ता लिहावा. म्हणजे इथल्या दाखल्यावर ‘कोलवाळ’ एवढेच यायला हवे. परिस्थितीनुसार बारशाची सोय करून देण्याचेही त्याच निकालात सांगितले आहे.