‘आवाज कसा आहे?’ : मेटॅलिकाच्या ‘सेव्हन्टी-टू सीझन्स’वरच्या नागपुरी मतांची पार्श्वभूमी

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘सेव्हन्टी-टू सीझन्स’ हा अल्बम १४ एप्रिल २०२३ ला आला. नागपुरात ही तारीख आंबेडकर जयंतीची. १३ च्या रात्रीच संविधान चौकात माणसांचा पूर लोटतो आणि सकाळपासून दीक्षाभूमीकडं जाणारे रस्ते निळे होतात. आमच्या ओळखीतले मेटल ऐकणारे बरेच पोट्टे त्या रात्री तिथंच होते, त्यामुळं अल्बमवरचं खरं बोलणं शनिवारी, १५ तारखेला सुरू झालं. ज्यानं ऐकला होता त्याला बाकीच्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला : आवाज कसा आहे?

गाणी कशी आहेत, चाली कशा आहेत, हे सगळं नंतर आलं. आधी आवाज. हा बँड म्हटला की नागपुरातच नाही तर सगळीकडंच हा प्रश्न आधी येतो, आणि त्यामागं ३५ वर्षांचा हिशेब आहे. तो माहीत नसेल तर या अल्बमवर लोक इतके टोकाचे का बोलतात ते कळत नाही.

मुळात शब्दच गुंत्याचा आहे. मराठीत ‘आवाज’ एवढ्या एका शब्दाच्या पोटात किती गोष्टी बसतात पाहा. गायकाचा गळा म्हणजे आवाज. ‘आवाज कमी कर’ म्हणतो तेव्हा ती पातळी. तबल्याचा आवाज उतरला म्हणतो तेव्हा तो वाद्याचा पोत. आणि ‘या रेकॉर्डिंगचा आवाज चांगला नाही’ म्हणतो तेव्हा मुद्रण, मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचा तोल जुळवणं), मास्टरिंग (तयार गाण्याची पातळी आणि पोत पक्का करणं) असं सगळं एकदम. वाजवणारी मंडळी ‘टोन’, ‘मिक्स’, ‘मास्टर’ असे वेगळे शब्द वापरतात. ऐकणारे वापरत नाहीत. शंकरनगरच्या एका टपरीवर त्याच आठवड्यात मी दोघांना अर्धा तास भांडताना ऐकलं. एकाचं म्हणणं, ‘आवाज जबरदस्त आहे बे, इतक्या वर्षांत असा नव्हता.’ दुसऱ्याचं, ‘आवाज कोरडा आहे, जीवच नाही त्यात.’ पहिला गायकाबद्दल बोलत होता, दुसरा ड्रमबद्दल. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. नव्या अल्बमवरचे निम्मे मतभेद या एका शब्दापाशी सुटतील, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून पुढं शक्य तिथं मी गळा, पातळी, पोत आणि मुद्रण असे वेगळे शब्द वापरतो.

कॅसेटच्या काळाबद्दल मी ऐकीव सांगणार, कारण तो माझ्या मामेभावाचा काळ. १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ त्याला कोऱ्या कॅसेटवर भरून मिळाला होता. अल्बम ६५ मिनिटांचा, कॅसेट ६० मिनिटांची. शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. दादाला त्याहून जास्त खटकायचं ते दुसरंच : बास गिटार कुठं गेली? त्यानं भरून देणाऱ्याला दोष दिला, डेकचं हेड स्पिरिट लावून कापसानं पुसलं, बासचं बटण पूर्ण फिरवून पाहिलं. पुढं कंपनीची अस्सल कॅसेट हाती आली, तर तिच्यातही बास नाही. आधीचा बासवादक १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, नवा आला, आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण अल्बमात त्याचं वाद्य ऐकूच येईनासं झालं. मिक्सिंग करणाऱ्यानं पुढं सांगितलं की बास खाली करण्याची सूचना बँडकडूनच होती. २०१८ मध्ये हा अल्बम नव्यानं मास्टर होऊन आला, तेव्हाही हा तोल बदलला नाही. या बँडच्या मुद्रणावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय नागपुरातल्या जुन्या ऐकणाऱ्यांना तिथून लागली.

बँडचा १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम सगळ्यांना पाठ आहे, त्यावर लिहीत नाही. नव्वदच्या दशकात केबल आली, अलाहाबादहून १९९३ पासून एक रॉक मासिक निघू लागलं, आणि इथल्या पोट्ट्यांना पहिल्यांदा कळलं की आपण ऐकतो ते ऐकणारे देशात दुसरेही आहेत. १९९६ आणि १९९७ च्या दोन अल्बमांवरून, अगदी बँडनं केस कापले यावरूनही, भांडणं झाली, ती आता कुणी काढत नाही.

माझी पिढी आली ती एमपीथ्रीतून. १३ एप्रिल २००० ला बँडनं नॅप्स्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना गाणी देण्याच्या सेवेवर, खटला भरला आणि गाणी फुकट वाटणाऱ्या ३ लाखांवर वापरकर्त्यांची यादी पुढं केली. कायद्यानं ते बरोबर असेल. पण ज्या गावात त्यांचे अर्धे अल्बम दुकानात मिळतच नव्हते, तिथल्या मुलाला ते कसं वाटलं असेल? सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर एका सीडीत शंभर-सव्वाशे गाणी मिळायची, त्यातल्या नावांची स्पेलिंगही धड नसायची. आम्ही हा बँड असा शिकलो. मला त्याची आजही लाज वाटत नाही. दुसरा रस्ता नव्हता.

२००३ चा ‘सेंट अँगर’ हॉस्टेलच्या एका खोलीत, एका कॉम्प्युटरवर, आठ जणांनी ऐकला. पहिल्या गाण्याच्या अर्ध्या मिनिटात एक जण उठून स्पीकरची वायर हलवायला गेला. स्नेअर ड्रमच्या खालच्या चामड्याला तारा चिकटलेल्या असतात. एक खटका ओढला की त्या सुटतात आणि मग ड्रम ‘छट्’ न वाजता ‘टण्’ वाजतो. त्या अल्बमभर तो खटका सुटलेलाच ठेवला होता. ७५ मिनिटं घमेल्यावर हातोडा. गिटारचा एकही सोलो, म्हणजे तिला एकटीला पुढं आणणारा तुकडा, नाही. हा निर्णय वाईट होता असं बहुतेकांचं मत आहे, माझंही आहे; पण ती पोताची निवड होती, उघड केलेली. पाच वर्षांनी जे झालं ते वेगळं होतं, आणि खरं दुखणं तिथं आहे.

‘डेथ मॅग्नेटिक’ १२ सप्टेंबर २००८ ला आला. सोलो परत आले, सात-आठ मिनिटांची गाणी परत आली, वेग परत आला. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हाती पडलं. आणि तरीही दोन गाणी झाली की कान थकायचे. का, ते आम्हाला लगेच कळलं नाही, कारण आमचे कॉम्प्युटरचे स्पीकर तसेही चरचरायचे. त्यातल्या चौथ्या गाण्याची सुरुवात शांत गिटारनं होते. एकानं उसने आणलेले चांगले हेडफोन लावून ते ऐकलं. त्याला जाणवलं की शांत भाग आणि पुढचा दणदणाट यांची पातळी जवळपास सारखीच आहे, आणि दणदणाटात प्रत्येक ठोक्यामागं कागद फाटल्यासारखा एक बारीक आवाज आहे. त्यानं हेडफोन काढले, पुसले, परत लावले. आवाज तिथंच होता. तो सीडीतच होता.

डिजिटल मुद्रणाला वर एक हद्द असते. ध्वनीची लाट त्या हद्दीपलीकडं जाऊ शकत नाही. ढकलली तर तिचा माथा सपाट कापला जातो. सगळं गाणं जास्तीत जास्त मोठं वाजावं म्हणून हळू भाग वर उचलायचे आणि मोठे भाग हद्दीवर दाबत न्यायचे, हे नव्वदच्या दशकापासून सगळेच करत आले होते. दुकानात, रेडिओवर, शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं उठून दिसावं एवढंच त्यामागचं कारण. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये ते इतकं ताणलं गेलं की माथे कापले गेले आणि ठोक्यांमधला दम गेला. मेटलमध्ये जोर येतो तो आधीच्या शांततेमुळं. ती शांतताच काढून घेतली तर उरते फक्त पातळी.

हे सिद्ध कसं झालं, ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच दिवशी हा अल्बम गिटार हिरो या व्हिडिओ गेमसाठीही निघाला. गेमला वाद्यं सुटी लागतात, त्यामुळं तिथं शेवटच्या टप्प्यातली दाबादाबी झालीच नव्हती. लोकांनी त्यातून गाणी काढली आणि सीडीशेजारी ठेवून मोजली. मोठ्या-हळूतल्या अंतराचा आकडा सीडीत ३ च्या घरात, गेमच्या प्रतीत १२ च्या आसपास. तीच गाणी, तेच वादन, आणि एक प्रत श्वास घेते, दुसरी गुदमरते. अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्यानं कळवलं की आपल्याकडं गाणी आली तेव्हाच ती दाबलेली होती. बँडनं मात्र अल्बम जसा आहे तसाच हवा होता, अशी भूमिका घेतली.

ती गेमची प्रत पेनड्राइव्हवरून नागपुरात आली. माझ्याकडं आजही तीच आहे, आणि सीडी कपाटात आहे. बँडची बाजू मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. मला ती पटली नाही. १९८८ ची बास दुःखाच्या आणि रागाच्या दिवसांत बुडाली, २००३ चा स्नेअर हट्टातून आला. पण २००८ ला चांगली गाणी चांगली मुद्रित होऊनही शेवटच्या पायरीवर खराब केली गेली, आणि हे त्यांनी ऐकणाऱ्यांनी दाखवून दिल्यावरही मानलं नाही.

२०११ ला बँड भारतात आला. दिल्लीकडचा २८ ऑक्टोबरचा कार्यक्रम प्रेक्षक जमल्यानंतर रद्द झाला, ३० ला बंगळूरला मात्र झाला. नागपूर दोन्हीच्या मध्ये, दोन्हीकडं हजाराच्या वर किलोमीटर. आमच्यातल्या ज्यांनी बंगळूरचं तिकीट काढलं ते आजवर त्या एका संध्याकाळीवर बोलतात. ज्यांनी दिल्लीचं काढलं ते तो विषय निघाला की उठून जातात. बंगळूरला गेलेल्यांचं एक मत इथं नोंदवायला हवं : २००८ ची गाणी मंचावर ऐकली तेव्हा ती किती चांगली आहेत ते पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरचा ‘हार्डवायर्ड’ १८ नोव्हेंबर २०१६ ला आला, नोटाबंदीनंतर दहा दिवसांनी. सीडीसाठी कुणाकडं रोख नव्हती, पण त्याच वर्षी मोबाइल डेटा स्वस्त झाला होता, आणि बहुतेकांनी तो अल्बम फोनवर ऐकला. आपोआप एक बदल झाला, ज्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. स्ट्रीमिंगची बहुतेक ॲपं सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून ऐकवतात. मोठं मास्टर केलेलं गाणं ती खाली ओढतात. म्हणजे दाबून मोठं करण्याचा फायदाच संपला. २००८ चं भांडण कुणी जिंकलं नाही, त्यातली हवा निघून गेली. २०२२ मध्ये एका वेब मालिकेमुळं बँडच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं शीर्षकगीत शाळेतल्या मुलांपर्यंत पोचलं, तेव्हा त्या मुलांना हे भांडण माहीतही नव्हतं.

या सगळ्यावर ‘सेव्हन्टी-टू सीझन्स’ येऊन पडला. १२ गाणी, ७७ मिनिटं, पिवळ्याधमक मुखपृष्ठावर जळून काळा पडलेला लहान बाळाचा पाळणा. नाव आयुष्याच्या पहिल्या १८ वर्षांवरून : वर्षाचे चार ऋतू धरले तर ७२. आपल्या उन्हाळा-पावसाळा-हिवाळ्याच्या हिशेबानं ५४ होतात, वसंत-ग्रीष्मापासून सहा धरले तर १०८. बालपणी मनावर जे कोरलं जातं ते पुढं आयुष्यभर वागवावं लागतं, असा त्याचा विषय. गायक २०१९ मध्ये व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी पुन्हा दाखल झाला होता आणि तेव्हाचा दौरा रद्द झाला होता. ते माहीत असलेल्यांना शब्द जास्त भिडतात. आत्महत्येच्या विचारावर नाव घेऊन लिहिलेलं गाणं इथल्या कॉलेजच्या मुलांनी एकमेकांना पाठवलं. मोठ्यांनी त्यावर बोलणं टाळलं, ते मला बरं वाटलं नाही.

गळ्याबद्दल जवळपास एकमत आहे : उत्तम. लांबीबद्दलही एकमत, उलट बाजूनं. पंधरा-वीस मिनिटं कापली असती तर बरं झालं असतं, असं मला भेटलेल्या बहुतेकांनी म्हटलं. पहिल्यांदा बाहेर आलेलं साडेतीन मिनिटांच्या आतलं गाणं सगळ्यांना आवडलं ते उगाच नाही. सोलोंमध्ये वाह पेडल (गिटारचा सूर ‘वाँव-वाँव’ करणारं पायाखालचं यंत्र) फार, ही तक्रार गिटार वाजवणाऱ्यांची. ड्रम साधे झालेत, हे ड्रम वाजवणाऱ्यांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं, त्यानं कुणाचं मत हललं नाही.

मुद्रणावर मात्र पिढ्या फुटल्या. तिशीच्या आतले म्हणतात, स्वच्छ आहे, अजून काय हवं. २००८ सोसलेले संशयानं ऐकतात, आणि त्यांच्या संशयाला एक धागाही आहे : ‘डेथ मॅग्नेटिक’च्या ध्वनिमुद्रणात आणि मिक्सिंगमध्ये ज्याचा मोठा हात होता, तोच ध्वनिअभियंता २०१६ आणि २०२३ च्या अल्बमांचा सहनिर्माता आहे. मी २००८ चा आणि २०२३ चा अल्बम एकाच हेडफोनवर लागोपाठ ऐकले. नव्यात ठोका ठोक्यासारखा लागतो. फाटण्याचा तो आवाज मला कुठं सापडला नाही. गाणी २००८ ची जास्त चांगली आहेत, मुद्रण २०२३ चं.

दादाला मी तो मे महिन्यात ऐकवला. दुपारचं ऊन, कूलर बंद केलेला, कारण कूलर चालू असताना काही ऐकूच येत नाही. अकरा गाणी त्यानं फार न बोलता ऐकली. शेवटचं ‘इनामोराटा’, ११ मिनिटं १० सेकंद, बँडनं स्वतः रचलेल्या गाण्यांत सगळ्यात लांब. मध्यावर ते थांबल्यासारखं होतं, गिटारी मागं सरतात आणि काही वेळ बास जवळजवळ एकटी चालत राहते. १९८८ चा बासवादक २००१ मध्ये सोडून गेला, हा वाजवणारा २००३ पासूनचा. दादानं हात वर केला.

‘थांब. मागं घे जरा.’

आम्ही तेवढाच तुकडा तीनदा ऐकला, मग घामानं बेजार होऊन कूलर लावला.