'ब्लॅक मॅजिक वुमन': सांतानाचं आणि त्याआधीचं

'ब्लॅक मॅजिक वुमन' म्हटलं की बहुतेकांच्या कानात काँगा, म्हणजे हातानं वाजवायचे उंच ढोल, वाजू लागतात. गाणं गिटारवादक कार्लोस सांतानाचं, हे इतकं पक्कं बसलंय की ते मुळात फ्लीटवूड मॅक या इंग्लिश बँडचं आहे असं सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. आणि विश्वास बसलाच, तर पुढचा तर्क तयार असतो: फ्लीटवूड मॅक म्हणजे 'रूमर्स' हा गाजलेला अल्बम, म्हणजे गायिका स्टीव्ही निक्स, तेव्हा जादूटोणा करणाऱ्या बाईचं गाणं तिचंच असणार. पण निक्स बँडमध्ये आली १९७४ सरता सरता. हे गाणं १९६८ च्या मार्चमधलं. लिहिलं आणि गायलं बँडचा गिटारवादक पीटर ग्रीननं. तेव्हाचा फ्लीटवूड मॅक म्हणजे लंडनमधला ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दुःखाळ संगीत, वाजवणारा चौघांचा कट्टर बँड.

ग्रीनची रेकॉर्ड इंग्लंडच्या यादीत ३७ व्या क्रमांकापर्यंत पोचली आणि थांबली. सांतानाची आवृत्ती 'अब्राक्सस' या अल्बमवर १९७० च्या सप्टेंबरात आली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेली. मधल्या काळात, १९७० च्या मे महिन्यात, ग्रीन स्वतःचा बँड सोडून गेला होता. मूळ गाणं मागे पडलं त्याला हेही एक कारण असावं. ज्यानं ते मंचावर गात राहायचं, तोच उरला नव्हता.

आता दोन्ही लागोपाठ ऐका. सूर एकच, डी मायनर. चाल तीच, शब्द तेच, कॉर्ड्‌समध्ये फरक अगदी किरकोळ. तरी एकच बंदिश दोन घराण्यांत गेल्यावर जे होतं ते इथं झालंय.

ओळखायला सोपी खूण म्हणजे सुरुवात. सांतानाकडे कीबोर्ड आणि तालवाद्यं हळूहळू वातावरण बांधतात, मग गिटार येते. मायकेल कराबेलोचे काँगा आणि चेपितो आरेयासचे टिंबाले (काठीनं वाजवायचे धातूचे ढोल) एकमेकांत गुंतत जातात. गाणं संपेपर्यंत पाय स्थिर राहत नाही. आवाज मात्र सांतानाचा नाहीच. गातोय ऑर्गनवाला ग्रेग रोली, जो पुढे 'जर्नी' या बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला. हा दुसरा गैरसमज, आणि पहिल्याहून चिवट.

फ्लीटवूड मॅककडे ना ऑर्गन, ना काँगा. दोन गिटारी, बेस, ड्रम्स, बस्स. सगळं तीन मिनिटांच्या आत आटोपतं. ड्रमर मिक फ्लीटवूडचा ठेका लॅटिन वळणाचाच आहे, पण वाद्यं इतकी कमी की दोन ओळींच्या मधली जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेत ग्रीनची गिटार गाण्याला उत्तर देते. एखादा स्वर धरायचा, जरा खेचायचा, सोडून द्यायचा. ताना नाहीत, दाखवेगिरी नाही. सांतानाच्या गाण्यात ती बाई मोह घालते. ग्रीनचं ऐकताना माणूस खरोखर अडकलाय असं वाटतं, आणि मला तेच गाण्याच्या शब्दांशी अधिक प्रामाणिक वाटतं. नाचायचं असेल तर अर्थात सांताना.

शेवटातला फरक सर्वांत मोठा. सांतानाचा बँड गाणं संपवून थेट गाबोर साबो या हंगेरियन गिटारवादकाच्या 'जिप्सी क्वीन'मध्ये शिरतो आणि द्रुत लयीत धावत सुटतो. ग्रीनही शेवटी लय बदलतो, पण शिकागोच्या ब्लूजकडे वळून: लॅटिन ठेका सोडून सरळ शफल, म्हणजे ब्लूजचा झुलता ठेका. ही युक्ती त्यानं घेतली शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवादक ओटिस रशच्या १९५८ च्या 'ऑल युवर लव्ह'वरून. तिथंही मायनर सुरातला लॅटिन ठेका असाच शफलमध्ये शिरतो. तेच गाणं जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या इंग्लिश बँडमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टननं वाजवलं होतं, आणि क्लॅप्टन गेल्यावर त्याच्या जागी आला तो ग्रीन. म्हणजे ज्याला आपण सांतानाचा लॅटिन रंग म्हणतो, त्याचा एक धागा आधीच शिकागोतून लंडनला पोचला होता. सांतानाच्या मंडळींनी तो ओळखला आणि त्यावर आपला अख्खा ताफा उभा केला. याला चोरी म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की रेकॉर्डवर गीतकार म्हणून ग्रीनचं नाव आहे, आणि १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात दोघांनी हे गाणं एकत्र वाजवलं.

मूळ गाणं शोधताना एक अडचण येते. ते आधी सुटी सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड, म्हणून निघालं, त्यामुळे बँडचा पहिला अल्बम पालथा घातला तरी सापडत नाही. १९६९ च्या 'द पायस बर्ड ऑफ गुड ओमेन' या संकलनात ते आहे, अमेरिकेत निघालेल्या 'इंग्लिश रोज'वरही. पहिल्या अल्बमवर मात्र 'आय लव्ह्ड अनदर वुमन' ऐकून घ्या. तसाच मायनर सूर, तसाच ठेका, जणू पुढच्या गाण्याचा कच्चा खर्डा. आणि तीन मिनिटं अपुरी वाटली, तर १९७० च्या फेब्रुवारीत बोस्टन टी पार्टी या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेली मैफल आहे. तिथं ग्रीन हेच गाणं सैल सोडून, हवं तितकं लांबवतो.