एका सनदेत दोन हक्क: इंग्लंडच्या जुन्या गावांतला बाजार आणि जत्रा

इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या बाजारगावाचा इतिहास चाळा, एक गोष्ट हमखास सापडते. राजाने स्थानिक जहागीरदाराला सनद दिली: आठवड्यातून एका ठरलेल्या वारी बाजार, आणि वर्षातून एकदा अमक्या संताच्या सणाला जत्रा. जत्रेचे दिवस बहुधा तीन: आदला दिवस, सणाचा दिवस आणि दुसरा दिवस. दोन्ही एकाच कागदावर असल्याने पुढे लिहिणारे त्यांची सरमिसळ करतात. हक्क मात्र दोन आणि गिऱ्हाईकही वेगळं.

बाजार पोटापाण्याचा. धान्य, लोणी, अंडी, कोंबड्या, सगळा माल पंचक्रोशीतला. माणसं त्याच दिवशी घरी परतणार, म्हणून अंतराला फार महत्त्व. 13व्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या नावे असलेल्या कायदेग्रंथात हिशोब असा: दिवसाची मजल 20 मैलांची. तिचा एक तृतीयांश भाग जायला, एक खरेदी-विक्रीला, एक परतायला. म्हणजे 6⅔ मैल, सुमारे 10.7 किलोमीटर. एवढ्या टापूत कुणी नवा बाजार काढला, तर धंदा बुडतो म्हणून जुन्या बाजाराचा मालक दाद मागू शकत असे.

जत्रेचं गणितच निराळं. तिथे परमुलखातले व्यापारी लोकर, कापड, मसाले, गुरं घेऊन येत. विंचेस्टरची सेंट जाइल्सची जत्रा पाहा. 1096 मध्ये विल्यम दुसऱ्याने बिशपला तीन दिवस दिले. पुढे वाढत ते 16 झाले. जत्रा गावाबाहेरच्या टेकडीवर, पण ती चालू असताना वेशींचा ताबा बिशपच्या माणसांकडे आणि शहरातली दुकानं बंद! व्यापार करायचा तर टेकडीवर जा आणि बिशपला पैसे भरा. जहागीरदारांना जत्रेची ओढ का होती, हे यावरून कळतं. भांडणं झाली तर तिथल्या तिथे निवाडा करणारं ‘पायपावडर’ कोर्ट लगेच बसे. वादी-प्रतिवादी दोघेही चार दिवसांचे पाहुणे. तारीख पुढे ढकलून चालणार कसं? (हे कोर्ट बाजारातही असे, पण त्याची खरी गरज जत्रेला.)

जागेवरची खूण सोपी आहे. बाजार गावाच्या मधोमध, रस्ता रुंद होतो तिथे, पुष्कळदा त्रिकोणी चौकात. भाडं भरून मांडलेल्या तात्पुरत्या पालांची पक्की दुकानं झाली, की चौकात मधेच अरुंद बोळांचा पुंजका उभा राहतो. लडलो या गावात तो स्वच्छ दिसतो. जत्रेला लागे मोकळं माळरान, तेही बरेचदा गावाबाहेर.

किंग्ज लिनमध्ये मात्र ही खूण फसते. तिथे बाजारचौकच दोन, शनिवारचा आणि मंगळवारचा, कारण नॉरिचच्या बिशपांनी आधी एक वस्ती वसवली आणि 12व्या शतकात उत्तरेला दुसरी. ‘मार्ट’ नावाची जत्रा 14 फेब्रुवारीच्या सुमारास भरते ती याच मंगळवारच्या चौकात. नाव बाजाराचं, जागा बाजाराची, पण ती जत्राच.

तारखा जुळवताना 1752 ध्यानात ठेवा. त्या वर्षी दिनदर्शिकेतले 11 दिवस गाळले गेले आणि ठरावीक तारखेच्या कित्येक जत्रा तेवढ्याच पुढे सरकल्या. नॉटिंगहॅमची गूज फेअर 21 सप्टेंबरवरून 2 ऑक्टोबरवर गेली ती अशी. आठवडी बाजाराला याची झळ नाही. बुधवारनंतर त्याही वर्षी गुरुवारच आला.