मार्गदर्शनाचे नाते (मुंबई)

अनुभवी माणसाने नवख्याच्या जडणघडणीची जबाबदारी आपणहून आणि दीर्घकाळ पत्करणे, हा या नात्याचा गाभा. शिकवणी, नोकरीतले प्रशिक्षण, समुपदेशन या गोष्टी त्याच्या जवळच्या असल्या तरी येथे एक गोष्ट जास्तीची असते. शिकवणारा शिकणाऱ्यासाठी स्वतःचे काहीतरी खर्ची घालतो: वेळ, जागा, ओळखी, कधी पदरचे पैसे आणि पुष्कळदा स्वतःची पत. शिवाजी पार्कवर त्याला ‘सर’ म्हणतात, हायकोर्टात ‘सीनियर’, गाण्याच्या खोलीत ‘बुवा’ किंवा ‘माई’, आणि परमार्थात ‘महाराज’.

मुंबई हे गाव मागे ठेवून आलेल्यांचे शहर आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या मुलाला येथे चुलते-मामे असतीलच असे नाही, आणि असले तरी ज्या वाटेने त्याला जायचे आहे ती त्यांनी पाहिलेली नसते. म्हणून बाहेरच्या कोणीतरी हात देणे येथे अनेकांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. जागेची टंचाई तर कायमचीच. त्यामुळे मुंबईतल्या गुरूची पहिली देणगी बहुधा जागाच असते: नेटमधली पाळी, चेंबरमधली खुर्ची, रियाजाला खोलीचा कोपरा.

चर्नी रोडची बाग

या नात्याचे मुंबईतील सर्वांत दूरगामी उदाहरण एका सार्वजनिक बागेत घडले. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारे भीमराव आंबेडकर शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. परळच्या चाळीतल्या खोलीत अभ्यासाला निवांतपणा नव्हता. विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि चरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुस्कर त्याच बागेत येत. त्यांनी या मुलाची विचारपूस केली आणि त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. भीमराव ना त्यांच्या शाळेतले, ना त्यांच्या वर्गातले. त्यांची जबाबदारी केळुस्करांवर कोणीही टाकलेली नव्हती.

भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजातला मुलगा ही परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च वडील रामजींना झेपेना, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे भीमरावांना नेण्यातही केळुस्करांचा पुढाकार होता. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्यूलर यांनी पुस्तके आणि कपडे पुरवले. १९१२ मध्ये बी.ए. आणि १९१३ मध्ये, पुन्हा बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ हा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. या तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिलेले नव्हते. जोतीराव गेले ते बाबासाहेबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८९० मध्ये. कबीर घरातल्या कबीरपंथी भजनांतून आले. बुद्ध मात्र केळुस्करांच्या हातून आले, आणि आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी त्या भेट मिळालेल्या पुस्तकाचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतराच्या मागे जी अनेक कारणे होती, त्यांत १९०७ सालच्या मुंबईतल्या या शिक्षकाची जागा लहान नाही. शिक्षण आणि धर्म या दोन्ही वाटांवर एकाच माणसाने एकाच मुलाला इतके पुढे नेल्याचे दुसरे उदाहरण या शहराच्या इतिहासात सापडणे कठीण.

हा वारसा बाबासाहेबांनी संस्थांच्या रूपाने पुढे नेला. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. ज्यांना चर्नी रोडच्या बागेत कोणी भेटणार नव्हते, अशा मुलांसाठी ती दारे होती.

एल्फिन्स्टनची परंपरा

केळुस्करांच्या आधी जवळपास दोन पिढ्या बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत होते. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. दादाभाई पुढे त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. येथील शिक्षक-विद्यार्थ्यांच्या सहवासातून १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा सुरू केल्या. स्वतः नुकतेच शिकलेले तरुण पगाराशिवाय त्या शाळांत शिकवत. बाळशास्त्री १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारले. त्यांचे काम विद्यार्थ्यांच्या आयुष्यांतून चालू राहिले.

परमार्थातील गुरू

वारकरी संप्रदायात गुरूचे स्थान मोठे आहे, पण त्याचे रूप साधे. ज्ञानेश्वरांना थोरले बंधू निवृत्तिनाथांकडून, नामदेवांना विसोबा खेचरांकडून वाट मिळाली. गिरणगावातला कामगार एखाद्या ज्येष्ठ माळकऱ्याच्या हातून तुळशीची माळ घालून घेई, एकादशी धरी आणि चाळीतल्या भजनी मंडळात पखवाज नाही तर टाळ शिके. शिकवणारा स्वतःही पाळीवर जाणारा गिरणी कामगारच असे. या भजनी मंडळांनी गावापासून तुटलेल्या तरुणांना सांभाळले, ही गोष्ट गिरणगावाच्या इतिहासात संपांच्या बरोबरीने नोंदवली पाहिजे.

खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) हे याच मध्यमवर्गीय-कष्टकरी मुंबईतले. मूळ नाव मारुती कांबळी, व्यवसाय विड्यांच्या दुकानाचा. इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज त्यांना १९३३ च्या सुमारास भेटले आणि १९३६ मध्ये सिद्धरामेश्वरांनी देह ठेवला. सहवास जेमतेम तीन वर्षांचा. तेवढ्या शिदोरीवर निसर्गदत्तांनी पुढे खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर रोज मराठीतून संवाद केले. ऐकायला शेजारीपाजारी येत तसे युरोप-अमेरिकेतलेही येत, आणि दुभाषे उलथा करून देत. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेले त्या संवादांचे इंग्रजी संकलन १९७३ मध्ये निघाले. आपण जे जाणले ते गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे, असे महाराज शेवटपर्यंत सांगत राहिले.

सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे चौदा वर्षे विपश्यना ही ध्यानपद्धती शिकून १९६९ मध्ये भारतातले पहिले शिबिर मुंबईत घेतले. गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा हे त्या गुरूविषयीच्या कृतज्ञतेचेच रूप. त्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. बौद्ध वस्त्यांमध्ये संस्कारविधी करणारे बौद्धाचार्यही ज्येष्ठांच्या हाताखालीच तयार होतात.

या श्रद्धेचा गैरवापरही मुंबईने लवकर पाहिला आणि न्यायालयात उघडा पाडला. करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात तो चालला. एल्फिन्स्टनमधून शिकलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी करसनदासांच्या बाजूने वैद्यकीय साक्ष दिली आणि निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. गुरूला प्रश्न विचारता येतो, हे त्या खटल्याने शहराला दाखवले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, म्हणजे प्रश्न संपलेला नव्हता.

मैदान

दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांनी क्रिकेटपटूंच्या अनेक पिढ्या घडवल्या. १९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर धाकट्या भावाला त्यांच्या शिबिरात घेऊन आले. सर समोर उभे असताना सचिनची बॅट नीट चालेना. सरांनी लांब उभे राहून, त्याला न कळता एकदा बघावे, अशी विनंती अजितने केली. सरांनी ती मानली. मुलाची पारख करायला त्याच्या नजरेआड जाणे, यात आचरेकरांचे मोठेपण आहे.

त्यांच्या सांगण्यावरून सचिनने वांद्र्याची शाळा सोडून दादरची शारदाश्रम धरली आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे मुक्काम हलवला. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरचा सामना संपला की दुसऱ्या मैदानावर नेत. संध्याकाळी दमलेल्या सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवले जाई. त्याला बाद करील त्याचे नाणे, तो टिकला तर त्याचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, ती याच शिस्तीतून. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितले की २९ वर्षांत सरांनी आपल्याला कधीही ‘छान खेळलास’ म्हटले नाही, कारण पोरगा सुस्तावेल ही त्यांना धास्ती.

आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे शिष्य प्रवीण आमरे पुढे अजिंक्य रहाणे आणि श्रेयस अय्यर यांचे प्रशिक्षक झाले. बोरिवलीचे दिनेश लाड त्याच जातकुळीचे. रोहित शर्माला शाळेची फी परवडणारी नव्हती, तर लाड सरांनी ती माफ करून घेतली. फिरकी टाकणाऱ्या या मुलातला फलंदाजही त्यांनीच ओळखला. शार्दूल ठाकूरला पालघरहून रोजची लोकल नको म्हणून त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले.

गायन आणि रंगभूमी

गाण्यात शिष्याच्या मनगटाला गंडा, म्हणजे दोरा, बांधून नाते जाहीर होते. मुंबईतल्या जाणत्या गुरूंचे वैशिष्ट्य असे की गंडा बांधूनही त्यांनी शिष्याला कोंडले नाही. ऑपेरा हाऊसजवळच्या आपल्या संगीत विद्यालयात प्रा. बी. आर. देवधर यांनी अकरा वर्षांच्या कुमार गंधर्वांना ठेवून घेतले, आणि कुमार अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकले. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतलेल्या मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे माई, आपल्या घराण्याविषयी अत्यंत काटेकोर. तरी त्यांनी लेक किशोरी आमोणकर यांना अंजनीबाईंसह इतर गुरूंकडे पाठवले. आपल्याकडे नाही ते दुसऱ्याकडून घे, असे म्हणायला गुरूपाशी मोठे मन लागते. हा गुण मिळेल तेथे शिष्याने पाय धरावेत.

रंगभूमीवर इब्राहिम अल्काझी १९६२ मध्ये दिल्लीला गेले तेव्हा त्यांची थिएटर युनिट ही संस्था सत्यदेव दुबे यांनी सांभाळली. दुबे आणि ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या विजया मेहता यांच्या हाताखाली तयार झालेले नट आजही मराठी-हिंदी रंगमंचावर ओळखू येतात.

पेशे

वकिलीत पदवी मिळाली तरी खरे शिक्षण सीनियरच्या चेंबरमध्ये होते. सर जमशेदजी कांगा यांच्या हायकोर्टातील चेंबरचे नाव आजही आदराने घेतात. एच. एम. सीरवाई, नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी ही माणसे तेथे घडली. कांगांनी तरुण पालखीवालांबरोबर आयकर कायद्यावरचा प्रचंड ग्रंथ लिहिला आणि मुखपृष्ठावर ज्युनियरचे नाव आपल्या नावाशेजारी छापले. चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठीची आर्टिकलशिप, मोठ्या रुग्णालयांतल्या युनिटमधला सकाळचा राउंड, डबेवाल्यांच्या नवख्या पोराने जुन्या गड्यामागून फिरत डब्यावरच्या खुणा पाठ करणे, हे सारे याच पठडीतले.

गिरण्यांची कथा वेगळी. तेथे नवख्याला काम लावून देणारा आणि शिकवणारा जॉबर असे. तो बहुधा गाववालाच. पण भरतीही त्याच्या हाती आणि काढून टाकणेही त्याच्याच हाती, त्यामुळे दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्याला, पाळी मिळेना. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर बोट ठेवले. त्याहून मोठा अन्याय विणकाम खात्यात होता. मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत, आणि जास्त पगार नेमका तेथेच. शिकवायला माणसे होती, माग होते, शिकायची तयारी होती. शिकू मात्र दिले नाही. १९२८–२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला.

आजची स्थिती

गिरण्या गेल्या, पण निवड कोणाची होते हा प्रश्न राहिला. चेंबर, स्टुडिओ, दवाखाना येथे शिरकाव अजूनही ओळखीने होतो, आणि ओळख जात, भाषा, शाळा, उपनगर यांच्या वाटेने येते. काही संस्थांनी ही गोष्ट व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेली नाही. मुंबई आयआयटीत नव्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातले मार्गदर्शक नेमून दिले जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे. वकिलीत ज्युनियरला सुरुवातीची वर्षे नाममात्र पैशांवर काढावी लागतात. मीरा रोडला किंवा डोंबिवलीला भाड्याने राहणाऱ्या मुलीला ते परवडत नाही आणि ती चेंबर सोडून पगारी नोकरी धरते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरी भागातील ज्युनियरना दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, त्यामुळे आकडा सध्या तरी प्रत्येक सीनियरच्या हातात आहे.